दुभाष्याचा भाव

दुभाष्या म्हणजे शब्दांचा हमाल, अशी आमच्या सुशिक्षित वर्गाची एक समजूत होऊन बसली आहे. त्यानें या तीरावरचें ओझें उचलावें, त्या तीरावर नेऊन टाकावें, आणि गोणीमागें ठरलेली मजुरी घेऊन चालतें व्हावें. ओझ्यांत काय आहे हें पाहण्याचा त्याला अधिकार नाहीं, आणि वाटेंत कांहीं सांडलें तर त्याची चौकशीहि कोणी करीत नाहीं. व्यापाराच्या पत्रांत किंवा मालाच्या यादींत या समजुतीनें एक वेळ काम भागेल. परंतु काव्य, नाटक, कथा, गाणें यांच्या बाबतींत ती केवळ चुकीची नव्हे तर घातक आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे. हें मत ग्रंथ वाचून झालेलें नाहीं. आमच्या स्वतःच्या फजितींतून झालेलें आहे. म्हणून प्रथम ती फजितीच सांगतों.

भंडारा जिल्ह्याची ज्यांस माहिती आहे त्यांस हें सांगावयास नको कीं, भाऊबीज झाली म्हणजे येथें गांवोगांव मंडई भरूं लागते. दिवसा बाजार, आणि रात्रीं दंडार. गतवर्षीं या दिवसांत पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याकडील एक स्वाहिली कवि नागपुरास आमच्या एका स्नेह्यांकडे उतरले होते. झाडीपट्टीची दंडार आपल्या डोळ्यांनीं पाहावी अशी त्यांस फार इच्छा झाली. त्यांस इंग्रजी येत होतें, पण तें प्रवासापुरतें. कलेविषयीं बोलावयाचें तर आपल्या भाषेंतच बोलेन असा त्यांचा आग्रह होता, आणि तो आम्हांस सर्वथा योग्य वाटला. तेव्हां इंग्रजीचें स्वाहिली व स्वाहिलीचें इंग्रजी करणारा दुभाष्या शोधण्याचें काम आमच्याकडे आलें. आयुष्यभर महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकविलेल्या माणसास असला दुभाष्या कोठें मिळतो हें ठाऊक असलेंच पाहिजे, अशी मंडळींची भाबडी कल्पना!

आम्हीं एका मोठ्या शहरांतील भाषांतराच्या पेढीकडे विचारणा केली. उत्तर तत्परतेनें आलें. काम किती तासांचें, माणसें किती, विषय कायद्याचा कीं वैद्यकाचा कीं व्यापाराचा, एवढेच प्रश्न त्यांत होते. विषय काव्यनाट्याचा आहे असें आम्हीं कळविलें. त्यावर उलट प्रश्न आला कीं, मग हें काम कोणत्या दरानें धरावयाचें? दरपत्रकांत त्याला सदर नव्हतें. अखेर तें 'इतर' या सदरांत बसविण्यांत आलें. दंडारीचा मजकूर आधीं पाठवूं कां, असें आम्हीं विचारलें तेव्हां, त्याची आवश्यकता नाहीं, आमचा माणूस अनुभवी आहे, असें आश्वासन मिळालें. आणि आम्हीं तें मान्य केलें, ही या प्रकरणांतील आमची पहिली चूक.

जे गृहस्थ आले ते सज्जन होते. उमेदीचीं वर्षें त्यांनीं मोंबासा व दारेसलाम येथें व्यापारांत घालविलेलीं. बोलणें चोख, वृत्ति प्रामाणिक. मोटारींतून उतरतांच ते म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, मला दुकानांतली स्वाहिली येते, कवींची येत नाहीं. सांभाळून घ्या." स्वतःच्या ज्ञानाची सीमा इतक्या स्वच्छपणें सांगणारा माणूस पुष्कळ पंडितांहून बरा. पुढें जें झालें त्याचा दोष आम्ही त्यांस देत नाहीं.

लाखांदुराकडील एका गांवीं रात्रीं दंडार उभी राहिली. व्यवस्था अशी होती: शाहीर झाडीबोलींत बोलत, त्यांतील जे शब्द आम्हांस कळत नसत, ते शेजारीं बसलेला त्याच गांवचा आमचा एक विद्यार्थी प्रमाण मराठींत सांगे, आम्ही त्याचें इंग्रजी करीत असूं, आणि ते गृहस्थ त्या इंग्रजीचें स्वाहिली करीत. एवढ्याशा विनोदाला चार घरचें पाणी पिऊन पाहुण्यांपर्यंत जावें लागे. परिणाम व्हावयाचा तोच झाला. गांव हंसे तेव्हां पाहुणे स्तब्ध. आणि पाहुणे मनापासून हंसले तेव्हां मंचावर एक आई मेलेल्या मुलासाठीं आक्रोश करीत होती. सारा गांव मागें वळून आमच्याकडे पाहूं लागला. पाहुण्यांस कांहींच उमगेना. त्या क्षणीं धरणीनें पोटांत घेतलें तर बरें, असें आम्हांस वाटलें.

पहांटे खेळ संपला. पाहुणे उठले, वृद्ध शाहिरांपुढें गेले आणि किंचित् वांकून एकच शब्द बोलले. आमच्या दुभाष्यांनीं त्याचें इंग्रजी केलें: "गुड मॉर्निंग, सर." आम्हीं त्याचें मराठी केलें: "नमस्कार म्हणतात." शाहिरांनीं हात जोडले. मग थोडें थांबून त्यांनीं आम्हांस विचारलें, "पावना आनखी का म्हनते जी?" आम्ही म्हणालों, "तुमचें काम आवडलें म्हणतात." शाहीर मान हालवून तोंडावरचा रंग पुसावयास निघून गेले.

सकाळीं चहा घेतांना आम्हीं पाहुण्यांस विचारलें कीं, तुम्हीं उच्चारलेला तो शब्द कोणता? शब्द होता 'शिकामो'. धाकट्यानें वडीलधाऱ्यांस भेटतांना तो म्हणावयाचा असतो, आणि वडिलांनीं त्यावर 'मरहबा' असें उत्तर द्यावयाचें असतें. 'शिकामो'चा मूळ अर्थ, 'मी तुमचे पाय धरतों.'

वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें. पाहुणे म्हणाले होते, पाय धरतों. झाडीपट्टींतील कोणतेंहि पोर वडीलधाऱ्या माणसास हेंच म्हणतें, आणि वडीलधारा माणूस त्याला आशीर्वाद देतो. दोन्ही टोकांस एकच वस्तु होती, एकच संस्कार होता. परंतु मध्यें इंग्रजी भाषा येऊन बसली. आणि इंग्रजीस पाय धरण्याची रीति ठाऊक नसल्यामुळें तिनें त्या जागीं सकाळ चांगली असल्याचें प्रशस्तिपत्र ठेवलें. चूक दुभाष्यांची नव्हती. त्या अभिवादनास इंग्रजींत दुसरें काय म्हणावें? चूक आमचीहि नव्हती. 'गुड मॉर्निंग'चें मराठी नमस्कार असेंच करावें लागतें. प्रत्येकानें आपला वांटा बरोबर उचलला, आणि तरी जें पोंचवावयाचें होतें तें वाटेंतच राहिलें.

ही एकच गोष्ट नव्हे. पाहुणे बोलतां बोलतां म्हणाले होते कीं, त्यांच्याकडे असे मेळे 'सा तातू उसिकु'ला, म्हणजे रात्रीच्या तिसऱ्या तासाला, बसतात. दुभाष्यांनीं 'नऊ वाजतां' असें सांगितलें, तें बरोबरच होतें. कारण स्वाहिली माणूस तास सूर्याच्या उदयास्तापासून मोजतो. आमच्या सकाळच्या सातांस तो पहिला तास म्हणतो, आणि रात्रीच्या नवांस तिसरा. सूर्योदयापासून घटका मोजणाऱ्या आणि रात्रीचे प्रहर करणाऱ्या आमच्या पंचांगाशीं या हिशेबाचें किती जवळचें नातें! पण 'नऊ' या एका शब्दांत तें सारें नातें बुजून गेलें. तीच गोष्ट लिंगाची. स्वाहिलींत 'तो' आणि 'ती' यांस एकच सर्वनाम आहे, 'येये'. आणि क्रियापदालाहि स्त्रीपुरुषभेद नाहीं. तेव्हां कवीनें 'येये' येण्याची वाट पाहिली, तर तो कोणाची वाट पाहतो हें त्यानें मुद्दाम झांकून ठेवलेलें असूं शकेल. इंग्रजीस तेथें 'ही' कीं 'शी' हें ठरवावें लागतें, आणि मराठीस तर 'आला' कीं 'आली' हें क्रियापदांतहि सांगावें लागतें. मुळावरून भाषांतर करणारा येथें अडेल, विचार करील, कांहीं युक्ति काढील. इंग्रजीवरून करणारा अडणारच नाहीं. कारण येथें कांहीं ठरविलें गेलें आहे, याचीच त्याला वार्ता नसते.

आतां आमच्या प्रतिपक्षाचें म्हणणें ऐकूं. पहिला आक्षेप असा कीं, इंग्रजीच्या द्वारें आलेलें वाङ्मय तुम्हांस चालत नाहीं काय? टॉलस्टॉय आणि इब्सेन मराठींत आले ते बहुतांशीं इंग्रजींतूनच ना? आले, आणि त्याबद्दल आम्ही इंग्रजीचे ऋणी आहों. ज्या भाषेनें आम्हांस पोट दिलें आणि दृष्टि दिली तिची निंदा करण्याइतके आम्ही कृतघ्न नाहीं. उपाशी राहण्यापेक्षां शिळें अन्न बरें, हेंहि आम्हांस मान्य आहे. पण शिळें अन्न हेंच ताजें म्हणून वाढावें, आणि चूल पेटविण्याची खटपटच सोडून द्यावी, हें आम्हांस मान्य नाहीं.

या बाबतींत आमच्याच भाषेंत एक उत्तम उदाहरण आहे. उमर खय्यामाच्या रुबाया जगभर गेल्या त्या फिट्झजेरल्डच्या इंग्रजीवर बसून. आमचे माधव जूलियन फारसीचे प्राध्यापक. त्यांनीं १९२५ सालीं फारसी-मराठी कोश सिद्ध केला, १९२९ सालीं मूळ फारसीवरून रुबायांचें भाषांतर प्रसिद्ध केलें, आणि त्यानंतर १९३१ सालीं फिट्झजेरल्डच्या इंग्रजी काव्यावरून 'द्राक्षकन्या' निराळी दिली. एकाच माणसानें एकाच कवीचीं दोन रूपें दोन वाटांनीं आणलीं, आणि दोन्हींवर आपापलें नांव घातलें! फिट्झजेरल्डचा खय्याम आणि फारसीचा खय्याम एक नव्हेत, हें सांगण्याचा याहून प्रामाणिक मार्ग कोणता? तिकडे स्वाहिलीचे थोर कवि शाबान रॉबर्ट (१९०९–१९६२) यांनींहि खय्याम आपल्या भाषेंत आणला. त्यांचें पुस्तक १९५२ सालीं निघालें, तें मात्र फिट्झजेरल्डवरून. शाबान रॉबर्टांची योग्यता मोठी, आणि त्यांचें काव्य त्यांच्या भाषेचें भूषण आहे. तरी एक गोष्ट लक्षांत घ्यावी: आधीं कोश आणि मग काव्य, हा क्रम माधवरावांनीं पाळला. दुभाष्या बाजारांत मिळत नाहीं, तो असा घडवावा लागतो.

दुसरा आक्षेप व्यवहारी लोकांचा. ते म्हणतात, शब्दामागें कांहीं दर ठरवावा, जाणकार माणूस मिळेल. वाङ्मयास निराळें काय करावयाचें? यांस आमचें उत्तर असें कीं, ज्याला ते 'निराळें' म्हणतात तें सारें १९७६ सालींच लिहून ठेवलेलें आहे, आणि तेंहि स्वाहिलीच्याच मुलुखांत. युनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेनें त्या वर्षाच्या नोव्हेंबरांत नैरोबी येथें भाषांतरकारांच्या संरक्षणाविषयीं एक शिफारस मंजूर केली. तींत म्हटलें आहे कीं, भाषांतरकारास ग्रंथकारासारखें संरक्षण असावें. त्याचें नांव भाषांतराच्या प्रतींवर यावें. त्याला पुरेसा अवधि आणि मजकूर समजण्यास लागणारीं साधनें द्यावींत. भाषांतर सामान्यतः मूळ कृतीवरूनच व्हावें, भाषांतराचें भाषांतर अगदीं निरुपाय असेल तेव्हांच. आणि भाषांतरकारानें होतां होईल तों आपल्या मातृभाषेंत, किंवा मातृभाषेइतकी जी अवगत आहे अशा भाषेंत भाषांतर करावें. या शिफारशीपुढें आमचें वर्तन ताडून पाहूं. अवधि? एक रात्र. साधनें? मजकूर आधीं देण्याचीहि आवश्यकता नव्हती. मूळ कृति? ती तीन भाषा मागें राहिली होती. नांव? मंडईच्या फलकावर ध्वनिक्षेपक भाड्यानें देणाऱ्याचें नांव होतें, दुभाष्याचें नव्हतें. एकहि कलम आम्हीं मोडावयाचें शिल्लक ठेवलें नाहीं.

इंग्रजीवरून स्वाहिलींत वाङ्मय नेण्यास कसा माणूस लागतो, याचें एक ताजें उदाहरण आहे. अब्दुलरझाक गुर्ना यांस २०२१ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. ते झांझिबारचे, १९४८ सालीं जन्मलेले. मातृभाषा स्वाहिली, लेखन इंग्रजी. त्यांची 'पॅराडाइझ' ही कादंबरी १९९४ सालीं निघाली. ती स्वाहिली भाषेंत, म्हणजे जिच्या मुलुखाची ती कथा तिच्या भाषेंत, 'पेपोनी' या नांवानें आली २०२२ सालीं. अठ्ठावीस वर्षें! आणि ती आणली कोणीं? इडा हाजिवायानिस या विदुषीनें, जिचें आयुष्य स्वाहिली भाषेच्या अध्ययन-अध्यापनांत गेलेलें आहे. दरपत्रक पाहून कोणी ती आणली नाहीं. यांतून दोन गोष्टी निघतात. वीस कोटींहून अधिक लोक जी बोलतात असें युनेस्को सांगते, त्या भाषेसहि वाङ्मयाचा भाषांतरकार सहज मिळत नाहीं; आणि मिळतो तेव्हां तो घरचाच माणूस असतो.

घरच्या माणसाचा अधिकार किती चालतो हेंहि पाहण्यासारखें आहे. टांगानिकाचे, आणि पुढें टांझानियाचे, राष्ट्राध्यक्ष ज्यूलियस न्येरेरे यांनीं राज्यकारभार चालवीत असतांना शेक्सपिअरचीं दोन नाटकें स्वाहिलींत आणलीं: १९६३ सालीं 'ज्यूलियस सीझर', आणि १९६९ सालीं 'मर्चंट ऑफ व्हेनिस'. आमच्या आगरकरांनीं डोंगरीच्या तुरुंगांत 'हॅम्लेट' हातीं घेतलें आणि १८८३ सालीं 'विकारविलसित' प्रसिद्ध केलें, त्याची येथें आठवण होते. एकानें तुरुंगांत बसून केलें, दुसऱ्यानें राष्ट्राध्यक्षाच्या आसनावर बसून. पण भाषांतर हें मजुराचें काम आहे असें दोघांपैकीं कोणासहि वाटलें नाहीं. न्येरेरे यांनीं दुसऱ्या नाटकास नांव दिलें 'माबेपारी वा वेनिसी'. यांतला 'बेपारी' हा आपल्याच देशांतून तिकडे गेलेला शब्द, म्हणजे व्यापारी. आणि तिकडे गेल्यावर त्याला भांडवलदार असा अर्थ चिकटला. म्हणून तें नांव शेक्सपिअरचें भाषांतरहि आहे आणि त्यावरचें भाष्यहि आहे. असला शब्द निवडण्याची मजुरी शब्दामागें किती आणे धरावी, तें व्यवहारी मंडळींनींच सांगावें.

तिसरा आक्षेप नवा आहे. हल्लीं यंत्रें भाषांतर करतात. खिशांतील दूरध्वनीसमोर मराठी बोलावें आणि तो स्वाहिली बोलतो. मग दुभाष्या हवा कशाला? आम्ही यंत्राचे शत्रु नाहीं. स्थानकाचा रस्ता विचारावयास तें उत्तम. परंतु यंत्र शिकतें तें माणसांनीं आधीं केलेल्या लेखनावरून. मराठी आणि स्वाहिली यांच्यामध्यें माणसांनीं किती लेखन करून ठेवलें आहे? जवळ जवळ नाहींच. जेथें माणसानें वाट पाडली नाहीं तेथें यंत्रहि बहुधा इंग्रजीच्या सडकेवरूनच फिरून येणार. म्हणजे आमची ती फजितीच तें करील, फक्त अधिक वेगानें. आणि दंडारीची झाडीबोली तर कोणत्या यंत्राच्या पोटांत गेली आहे?

शेवटचा आक्षेप आमच्या मध्यमवर्गाच्या जिव्हारचा आहे: स्वाहिली शिकून करावयाचें काय? नोकरी लागते काय? नोकरीविषयीं आम्ही हमी देत नाहीं. पण ज्यांस ही भाषा परकी आणि दूरची वाटते त्यांस एवढेंच विचारतों कीं, 'गाडी'स 'गारी', 'पैशा'स 'पेसा', 'विम्या'स 'बिमा', 'गोणी'स 'गुनिया', चहास 'चाई' म्हणणारी भाषा परकी कशी? शेंकडों वर्षें पश्चिम किनाऱ्यावरचीं गलबतें वाऱ्याच्या भरवशावर त्या किनाऱ्यास लागत आलीं. हे शब्द त्यांतूनच उतरले आहेत. झांझिबारची विख्यात गायिका सिती बिंती साद हिच्या स्वाहिली गाण्यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिका १९२८ सालीं तयार झाल्या, त्या कोठें? मुंबईस! त्या भाषेच्या एका महान् आवाजानें यंत्रांत प्रवेश केला तो महाराष्ट्राच्या भूमीवर, आणि आमच्या वाङ्मयाच्या इतिहासांत त्याची एक ओळ नाहीं. शब्द गेले, माल गेला, माणसें गेलीं. फक्त दोन्ही भाषांचें काव्य जाणणारा एक माणूस तेवढा आम्हीं निर्माण केला नाहीं.

परंतु हा दोष सारा समुद्रापलीकडे ढकलून आम्हांस मोकळें होतां येणार नाहीं. त्या रात्रीं सांखळीचा शेवटला दुवा दुबळा होता हें खरें. पण पहिला दुवा कोणता होता? दंडारींतील झाडीबोली आम्हांस, याच जिल्ह्यांत जन्म गेलेल्या प्राध्यापकास, पुरती कळत नव्हती! डोळ्याला 'डोरा' आणि पाण्याला 'पानी' म्हणणाऱ्या पोरांची उत्तरें आम्हीं लाल शाईनें दुरुस्त केलीं, आणि त्यांस शुद्ध बोलावयास लावून आपण भाषेची सेवा करतों असें मानलें. स्वाहिलीच्या प्रांतांतहि हें घडलें आहे. १९२८ सालीं मोंबासा येथील परिषदेंत झांझिबारची 'किउंगुजा' ही बोली प्रमाण भाषेचा पाया म्हणून निवडण्यांत आली, आणि १९३० सालीं स्थापन झालेल्या समितीनें तिचें प्रमाणीकरण चालविलें. शाळा आणि कचेऱ्या यांची सोय झाली. पण मोंबासाच्या 'किम्व्हिता' बोलींत जुन्या कवींनीं रचलेलें काव्य पाठ्यपुस्तकांच्या भाषेपासून दूर पडलें. प्रमाण भाषा नकोच असें आम्ही म्हणत नाहीं. हा लेखहि तींतच लिहिला आहे. परंतु जो दुभाष्या केवळ प्रमाण मराठी जाणतो तो दंडारीचा दुभाष्या होऊं शकत नाहीं, आणि जो केवळ कचेरीची स्वाहिली जाणतो तो मोंबासाच्या जुन्या कवितेचा होऊं शकत नाहीं. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनीं झाडीबोली आणि दंडार यांवर ग्रंथ लिहून पहिला दुवा जोडण्याचें काम केलें आहे. ते ग्रंथ या जिल्ह्यांतील किती सुशिक्षित घरांत आहेत, हें ज्यानें त्यानें आपल्या कपाटांत पाहावें.

मग करावें काय? आम्ही मोठ्या योजना सांगत नाहीं. ज्यांस आपल्या कलेसाठीं परभाषेचा दुभाष्या हवा असेल त्यांनीं तो किती भाषा जाणतो हें विचारण्याआधीं तो कविता वाचतो कीं नाहीं हें विचारावें. त्याला मजकूर महिनाभर आधीं द्यावा, कलावंतांच्या संगतींत चार दिवस ठेवावें, आणि जें त्याला कळत नाहीं तें विचारण्याची त्याला मुभा द्यावी. मोबदला तासावर किंवा शब्दावर न देतां कामावर द्यावा, आणि तयारीचे दिवस कामांत धरावे. त्याचें नांव नटांच्या नांवांबरोबर छापावें. आणि आमच्या महाविद्यालयांनीं, दर पिढींत निदान दोन विद्यार्थी असे तयार करावे कीं ज्यांस आपल्या गांवची बोली आणि एक दूरची भाषा, दोन्ही त्यांतील गाण्यांसह येतात. इंग्रजी त्यांस येईलच, तिची काळजी नको. स्वाहिलींत तोंडी दुभाष्यास 'म्कालिमानी' आणि ग्रंथाच्या भाषांतरकारास 'म्फासिरी' असे दोन निराळे शब्द आहेत. दुसऱ्याच्या मुळाशीं 'तफसीर', म्हणजे उकलून सांगणें, हा अर्थ आहे. गीता मराठींत आणणाऱ्या ज्ञानदेवांच्या ग्रंथाचें नांव भावार्थदीपिका. त्यांस कोणी शब्दामागें भाव विचारला नाहीं. त्यांनीं तर शब्दामागचा भावच दाखविला. ज्या भाषेचा पाया अशा एका भाषांतरकारानें घातला, तिच्या लोकांनीं तरी भाषांतरकारास हमाल समजूं नये.

त्या रात्रीनंतर बऱ्याच दिवसांनीं आम्ही मुद्दाम त्या गांवीं जाऊन शाहिरांस भेटलों, आणि पाहुणे खरोखर काय म्हणाले होते तें त्यांस सांगितलें. म्हातारबुवा कांहीं वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, "मंग तवाच सांगाचं होतं जी. मी आसिरवाद देलो असतो."

पाहुणे केव्हांच परत गेले होते. तो आशीर्वाद आमच्यापाशींच अडकून राहिला आहे. दुभाष्याच्या तासांचा हिशेब मात्र आम्हीं त्याच सकाळीं चुकता केला होता.